लगतच्यांच्या सह्या

इथे परदेशात, अल अझीझियातले माझे शेजारी पूर्वी नाशिकला सरकारी भूमापक होते. चिडले की त्यांचा आवाज खाली येतो आणि ते चष्मा पुसायला घेतात.

परवा माझ्यासमोर त्यांच्या मुलीने शाळेसाठी काढलेला अमेरिकेच्या उत्तर हद्दीचा नकाशा त्यांना दाखवला. तिने सांगितलं, अमेरिका पश्चिमेकडे पसरली, ब्रिटनशी तंटा झाला आणि करारात सरळ हद्द आखली गेली.

"तिथे आधीपासून राहणाऱ्यांच्या सह्या कुठायत?"

"देअर आर नन, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "साधा बांध मोजायचा तरी लगतच्यांना नोटीस जाते, त्यांच्या सह्या घेतात. ही मोजणी नाही, चोरी आहे." त्यांनी नकाशावर लाल शाईने 'अमान्य' लिहिलं.

"माय मार्क्स, बाबा," ती रडवेली झाली.

लाल शाई पाहून शाळेने नकाशा परत पाठवला. काल तिने नवा काढला. हद्द तीच होती, पण खाली सह्यांसाठी कोऱ्या ओळी होत्या.