उंच, देखणा आणि हरवलेला

बसस्थानकावर तिला सगळे माईकमावशी म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. बावीस वर्षं ती निळ्या दाराच्या त्या खोलीत, काचेमागे, माईकसमोर बसत आली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय हे कुणीही सांगेल हो! मावशीचा हातखंडा होता तो हरवलेली माणसं शोधण्यात. दुसरं कुणी असतं तर शर्टाचा रंग सांगून मोकळं झालं असतं. मावशी मात्र शोधत आलेल्याला आधी खुर्चीत बसवायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "माणूस कसाय? स्वभावानं सांगा." मग घोषणा व्हायची, "बोलणं भरभर, हसणं मोठ्यानं, आणि ऐकायचं कुणाचंच नाही, अशा गृहस्थांनी निळ्या दाराशी यावं." पाच मिनिटांत गृहस्थ तावातावानं हजर!

तर या स्थानकाला नवे साहेब आले. आल्या आल्या फर्मान काढलं: यापुढे घोषणा इंग्रजीतही होणार. "महिन्यानं मी स्वतः ऐकायला बसेन, मावशी. जमलं तर ठीक, नाहीतर तुमची बदली सामानघरात." सामानघर म्हणजे जमिनीखालची एक लांबलचक खोली. दिवसभर गाठोड्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, बोलायला चिटपाखरू नाही. बोलणं हाच जिचा श्वास, तिला हे ऐकून घास गिळवेना.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. इंग्रजी अक्षरं अशी काढायचा की बघत राहावं, पण अर्थ विचारला की डोकं खाजवायचा. "ताईला विचार," म्हणाला. ताई म्हणजे मावशीची थोरली नणंद, निवृत्त नर्स. दोघींचा छत्तीसचा आकडा. पण अडला नारायण म्हणतात ना, तसं झालं. मावशी मुकाट्यानं गेली.

"पाठांतर बिठांतर काही नको," नणंदेनं बजावलं. "रोज जे दिसेल ते म्हणायचं. जागा कशी, माणूस कसा आणि मनात काय. झालं इंग्रजी!"

मग काय, मावशी रस्त्यानं पुटपुटत चालायची. "रोड नॅरो. शॉप क्लीन. पोलीस टायर्ड. आय हॅपी." लोक वळून बघायचे. रात्रीच्या जेवणाला नणंद म्हणाली, "आता माझं वर्णन कर बघू."

मावशीनं क्षणभर विचार केला. "ओल्ड. बिग. अँग्री."

नवऱ्याला ठसका लागला. नणंद शांतपणे म्हणाली, "शब्द बरोबर आहेत. आता वाक्य कर."

तिसऱ्या आठवड्यात मावशी आपण होऊनच म्हणाली, "वन्सं, यू आर काइंड." नणंद दूध उतू गेलं का बघायला म्हणून उठली. दूध तर तापत ठेवलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी साहेब फाइल घेऊन शेजारी बसले. गाड्यांच्या दोन घोषणा झकास झाल्या. तेवढ्यात दार उघडून एक परदेशी आजीबाई आत शिरल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. नवरा हरवलाय, त्याचा फोन यांच्याच पिशवीत, गाडी सुटायला वीस मिनिटं! एवढं मावशीला त्यांच्या हातवाऱ्यांवरूनच कळलं. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "युवर मॅन. हाउ इज ही?"

आजीबाईंनी डोळे पुसले. "टॉल. व्हेरी हँडसम. व्हेरी काइंड."

"अहो, कपडे विचारा, कपडे!" साहेब ओरडले. तोवर मावशीनं बटण दाबलंही होतं.

"टॉल मॅन. हँडसम मॅन. काइंड मॅन. युवर वाइफ इज सॅड. ब्ल्यू डोअर, निअर टी शॉप. कम फास्ट!"

आता अशी घोषणा ऐकल्यावर आमचे ड्रायव्हर गप्प बसतात होय? पहिला आला तो केसांवरून कंगवा फिरवतच. "मावशी, बोलावलंत?" त्याच्यामागे दोन कंडक्टर, एक हमाल आणि हवा भरणारा मिस्त्री, सगळे छाती काढून ओळीनं उभे. आजीबाईंना रडता रडता हसू फुटलं.

साहेब मात्र भडकले. "ही घोषणा आहे की थट्टा?" त्यांनी फाइलीत काहीतरी खरडलं. संपलं! गेली खुर्ची! मावशीला ती गाठोडी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

एवढ्यात त्या गर्दीतून वाट काढत एक म्हातारा आला. बुटका, गोल, डोक्यावर एक केस नाही, दोन्ही हातांत चहाचे पेले. आजीबाईंच्या जेमतेम खांद्याला लागेल एवढा. आजीबाईंनी त्याला अशी मिठी मारली की निम्मा चहा साहेबांच्या फाइलीवर.

"हा उंच? हा देखणा?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "वर्णन साफ चूक! मग आपल्यालाच बोलावलंय हे याला कळलं कसं?"

मावशीनं सरळ म्हाताऱ्यालाच विचारलं, "हाउ यू नो?"

म्हातारा हसत हसत तीन-चार वाक्यं बोलला. मावशी ऐकत होती आणि काय सांगू, एकेक शब्द ओळखीचा निघत होता! तिचे डोळे भरून आले.

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब फाइल पुसायला लागले. बराच वेळ पुसली. मग मावशीकडे झुकून हळूच म्हणाले, "मावशी... काय म्हणाला हो तो?"

"ते म्हणाले, उंच आणि देखणा मला अख्ख्या जगात एकच बाई म्हणते. मग तो मीच असणार ना!"

साहेबांनी त्या जोडप्याकडे पाहिलं.

"सामानघरासाठी मी दुसरं कुणी तरी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही आधी यांची गाडी थांबवा. दोन्ही भाषांत सांगा."