लीलाबाईंचा रविवार

लीलावतीबाईंना लीड्समध्ये हक्काचा रविवार मिळाला तो २००६ साली. त्याचं करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

त्याआधी त्या एका मराठी डॉक्टरांकडे घरकामाला होत्या. वाईहून त्यांनीच आणलेल्या. पासपोर्ट डॉक्टरांच्या बायकोच्या, वहिनींच्या कपाटात, सुट्टी नाही, एकटीने बाहेर पडायचं नाही. "ती आमच्या घरातलीच आहे," असं वहिनी सगळ्यांना सांगत. घरातली म्हणे! घरातल्या माणसाला कुणी कोंडून ठेवतं का? शेवटी एका संस्थेच्या मदतीने बाई सुटल्या. पासपोर्ट हाती आला. व्हिसाच्या कायद्याने मालक बदलता येत होता, काम मात्र घरकामच. मग त्या मिसेस हॉलंड नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे लागल्या. रविवारी त्या आपल्या खोलीत खिडकीशी बसून राहत. मराठीत दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं.

पुढच्या जानेवारीत एका रविवारी तिथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आलं. पूर्वी त्या वहिनींबरोबर जात, पण हॉलच्या किचनमध्ये. या वेळी ठेवणीतली इरकल नेसून, पाहुणी म्हणून खुर्चीवर बसायचं ठरवूनच गेल्या.

दारातच मंडळाच्या सेक्रेटरी मनीषाताई भेटल्या. "अगं लीला, बरं झालं बाई आलीस! चहाचं बघतेस ना? मिल्क फ्रिजमध्ये आहे."

आणि बाई गेल्या की सरळ किचनमध्ये! पदर खोचला, आधण ठेवलं, कप विसळायला घेतले. हातांना सवय झालेली, त्यांना कायदा कोण सांगणार? बाहेर बायका हसल्या, तेव्हा बाईंचं लक्ष आपल्या खोचलेल्या पदराकडे गेलं. रडूच आलं त्यांना.

गॅस बंद करून, हात पुसून त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारच्या दोघी पर्स उचलून मागे गेल्या.

"चहा झाला का गं?" मनीषाताईंनी विचारलं.

"नाही, ताई. मी हळदीकुंकवाला आलेय. मला लावायचं राहिलंय."

मनीषाताईंनी मुकाट्याने हळदीकुंकू लावलं, तिळगुळाचा लाडू हातावर ठेवला. 'गोड बोला' एवढंही तोंडातून निघालं नाही. नंतरही बाईंशी कुणी बोललं नाही.

सोमवारी कपाळ तसंच ठेवून बाई कामावर गेल्या. मिसेस हॉलंडनी बोट दाखवलं. "व्हॉट्स दॅट, डिअर?"

बाईंचं इंग्रजी तोकडं. जरा वेळ शोधाशोध झाली.

"माय संडे," त्या म्हणाल्या. मग जपून ठेवलेला लाडू मोडून अर्धा त्यांनी म्हातारीच्या हातावर ठेवला आणि मराठीतच म्हणाल्या, "गोड बोला."