गोगलगायींच्या वरचं पाणी

धुळ्याच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. जीवाश्मांवरून खडकांच्या थरांचा क्रम कसा लावायचा, हा माझा आवडता पाठ. अडचण एवढीच, की आमच्या पायाखाली बहुतेक सगळा काळा दगड. थिजलेल्या लाव्हात जीवाश्म कुठून येणार? कपाटातले प्लास्टरचे शंख दाखवून मी पृथ्वीचा इतिहास सांगत आलो.

गेल्या उन्हाळ्यात अक्कानं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, भडगावजवळच्या शेतातून मोबाइलवर फोटो पाठवला. विहीर खोल करताना पांढुरका दगड निघाला होता आणि त्यात नखाएवढे गोगलगायींचे शंख होते. खाली लिहिलं होतं, "तुझ्या कामाचं आहे का? नाहीतर बांधावर टाकायला सांगते."

मी पहिली एसटी पकडली आणि थेट विहिरीत उतरलो. काठाजवळ एक पांढुरकी पट्टी होती, तिच्यात वनस्पतींचे देठ. मग काळा दगड. त्याखाली गोगलगायींची पट्टी, आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं. लाव्हा थांबला तेव्हा इथं डबकी साचली होती, तीही दोनदा. मी दुपारपर्यंत आतच होतो. अक्कानं जेवणाचा डबा दोरानं खाली सोडला.

शेजारचे नाना बघायला आले. त्यांची विहीर चढावर होती, कोरडी. पांढरा दगड त्यांनाही लागला होता. पण खाली पुन्हा काळाच निघाला, म्हणून त्यांनी काम थांबवलं होतं. त्यांच्या ढिगाऱ्यातले दगड मी फोडून पाहिले. देठ होते, शंख एकही नव्हता.

"नाना, हा वरचा थर. गोगलगायींचा अजून खाली आहे. बारा हात तरी."

"गोगलगाय पाणीमाच राहस ना? मंग पाणी बी तठेच व्हई."

"त्यांना मरून कोट्यवधी वर्षं झाली. मी फक्त थरांचा क्रम सांगतोय, पाण्याचं नाही."

"बरं," नाना म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खोदणारे बोलावले.

खोटं ठरू शकेल असं काही मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो होतो. धुळ्यात पेपर तपासताना रोज अक्काला फोन करायचो, "थर लागला का?" नवव्या हातावर काळ्या दगडात भेग लागली आणि पाणी आलं. काम थांबलं.

मी पुन्हा गेलो. पंप लावून आणखी तीन हात खोदा, अशी विनंती केली.

"आते पाणी लागनं," नानांनी मला समजावलं. "गोगलगाय कसाले पाहिजे?"

त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. गोड होतं. जमलेल्यांना त्यांनी सांगितलं, "या सरसनी पाणी दखाडं." मी तीनदा नाही म्हणालो, लोकांना तो माझा विनय वाटला. आता मला यावलहूनही फोन येतात. एकानं विचारलं, नारळ आम्ही आणायचा की तुमच्याकडे असतो?

ही हकीकत मी वर्गात सांगितली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "म्हणजे सर, तो थर तिथं होता की नाही?"

"असणारच."

"पण पाहिला नाही."

"नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.