कसले उपकार? पासली ते हिर्डोशी, आईबरोबर

भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांबद्दल मला बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहायला बसले. रस्ते, जेवण, मुक्काम सगळं सांगते, पण ही सहल नव्हती हे आधीच सांगून ठेवते. माझा मोठा भाऊ सुहास, आमचा दादा, सौर पंप बसवायची कामं करायचा आणि डोंगरातल्या वाड्यावस्त्या त्याच्या पायाखालच्या होत्या. गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत हिर्डोशीच्या पुढच्या एका वळणावर तो मोटरसायकलसकट खाली ओढ्यात गेला. टेम्पोवाल्यांनी त्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. यंदा वर्ष होत आलं तसा मार्था वहिनीचा भोरहून फोन आला, "हिर्डोशीलाच उपकारस्तुती ठेवतेय. आईंना घेऊन ये."

आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्यात उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थनासभा. नवीन घर झालं, बाळ झालं, कुणी मोठ्या आजारातून उठलं की ठेवतात. वर्षाच्या दिवशी असते ती स्मरणसभा. वहिनीने जाणूनबुजून दुसराच शब्द वापरला होता, आणि तो आईला इतका झोंबला की तिने फोन माझ्या हातात कोंबला.

"कसले उपकार? माझा पोरगा त्या दरीत एकटा तडफडून गेला, त्याचे?"

त्या 'एकटा'पाशी आई वर्षभर अडून बसली होती. पूर्वी जेवणाआधी ती प्रार्थनेची अशी लांबण लावायची की भात गार व्हायचा आणि बाबा होते तोवर ते एक डोळा उघडून आमटीकडे बघायचे. आता ती मुकाट्याने घास घेते. चर्चला येते, पण प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षरस घ्यायची, वेळ झाली की उठून बाहेर जाऊन उभी राहते. वहिनीशी बोलणं जवळजवळ बंद. या सभेत दोघींमधलं उरलंसुरलंही तुटणार, अशी मला धास्ती होती. तरी आई म्हणाली, "येते. पण तिच्या घरी राहणार नाही, आणि सभेत बसणार नाही. गाडीत बसेन."

मुक्कामाला भोरच आईला नको होतं, म्हणून वाट वाकडी करून पासलीला. कात्रज मागे टाकलं की नसरापूरपर्यंत हायवे, तिथून उजवीकडे वेल्ह्याचा रस्ता. वेल्हे येईपर्यंत रस्ता ठीक आहे, पुढे पासलीकडे अरुंद होतो आणि समोरून भाताचा पेंढा भरलेला ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जावंच लागतं. बहुतेक वेळा मीच गेले. तोरणा बराच वेळ सोबत करतो. मी आईला दाखवला, तिने मान हलवली आणि पुन्हा काचेतून खालची दरी बघत बसली. अख्ख्या रस्त्यात तिने फक्त "हळू" एवढंच म्हटलं, तेही प्रत्येक वळणाला.

पासलीत ज्या शेतकऱ्याच्या घरी उतरलो तिथे खोली साधी पण लख्ख सारवलेली, आणि जेवण पुण्याच्या थाळीच्या निम्म्या पैशांत. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, घरचा तांदूळ. वाढणाऱ्या काकूंनी ताटं मांडली, आमचं आडनाव विचारलं आणि हात पदराला पुसत उभ्याच राहिल्या.

"तुमचं सायेब हितं पंपाला आलं व्हतं, जेवायच्या आधी डोळं मिटायचं. तुमी न्हाई मिटत?"

म्हणजे दादा इथेही जेवून गेला होता. मला ठाऊक नव्हतं. मी आईकडे बघायचं टाळलं. आईने भाकरी मोडली आणि म्हणाली, "आमटी छान झालीय हो." काकू बिचाऱ्या काहीतरी चुकलं असं समजून आत गेल्या.

सकाळी उठून भोर. पासलीहून केळदकडून डोंगरातून भोरच्या बाजूला उतरता येतं म्हणे, पण आईला घेऊन मी ती हौस केली नाही. आल्या वाटेने नसरापूर, मग कापूरहोळवरून भोर. पेट्रोल भोरलाच भरा, पुढे पंपाचा आणि मोबाईलच्या रेंजचा काही भरवसा नाही. एसटीने जाणार असाल तर परतीची गाडी डेपोत आधी विचारून घ्या, हिर्डोशीकडे गाड्या मोजक्या आहेत. पावसाळ्यात तर वरंध घाट बहुतेक बंदच असतो.

वहिनी डेपोसमोर उभी होती, हातात स्टीलचा मोठा डबा. ती मागच्या सीटवर बसली. "आई, बऱ्या आहात?" "आहे." एवढं बोलणं झालं. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो, कापणी झालेली खाचरं, मधूनच सोनेरी उभं भात, फार देखणा भाग आहे तो. मला त्यातलं काहीही नीट दिसलं नाही. आरशात वहिनी शांत बसलेली दिसत होती. त्या शांतपणाचा मला त्या वेळी रागच आला.

हिर्डोशीत बबनतात्यांच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. त्यांच्या विहिरीवरचा पंप दादानेच बसवलेला. ठरल्याप्रमाणे आई गाडीतून उतरली नाही. मी अंगणात गेले तर तात्या एका ताटात शाल, टोपी, नारळ मांडून तयार.

"तात्या, हे कशाला?" वहिनीने विचारलं.

"आता! सत्काराला नगं व्हय? ज्यांनी ज्यांनी उपकार केलं त्यांची आज स्तुती हाय न्हवं? टेम्पोवाल्यास्नी सांगावा धाडलाय. वरच्या वाड्यांवर बी कळीवलंय, ज्यानं ज्यानं सायबाला हात लावला त्यानं यायचं."

वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मीही. वर्षभराचं काहीतरी आत तटलेलं होतं, ते भलत्याच दारातून बाहेर आलं. तात्या बावचळून दोघींकडे बघत राहिले. आणि गाडीचं दार धाडकन आपटलं.

"हसताय?" आई फाटकात उभी होती. "आज? इथे? मार्था, तुला लाज नाही वाटत?"

अंगणातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. वहिनीचं हसू गेलं, पण ती मागे सरली नाही.

"आई, ते गेले त्याचे उपकार मी मानत नाही. कधीच मानणार नाही. पण ते गेल्यावर मी पार रिकामी व्हायला हवं होतं. रोज सकाळी उठते तेव्हा रिकामीच असते, आणि प्रार्थनेला बसले की थोडी भरते. त्या दिवसापुरती. रडता रडता आनंद होतो, मलाही कळत नाही कसा. तो कुणाकडून येतो ते मात्र कळतं. त्याचे उपकार नको का मानायला?"

"माझ्या पोरापाशी नव्हता कुणी त्या वेळी," आई म्हणाली. "ना माणूस, ना तुझा देव."

तेवढ्यात वरच्या पायवाटेने एक बाई जवळजवळ पळतच खाली आली. पन्नाशीची असेल, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, दम लागलेला. वरच्या वाडीतली, गुरं राखणारी धोंडाबाई, असं तात्या पुटपुटले. ती सरळ तात्यांसमोर येऊन हात जोडून उभी राहिली.

"माजा सत्कार नगा करू. पाया पडते. तुमास्नी कुनी सांगितलं त्ये मला ठावं न्हाई, पर माजा सत्कार नगा करू."

"तुजा कशाला?" तात्या म्हणाले. "तू काय केलंस?"

तिने आमच्याकडे पाहिलं आणि कोण कोण ते तिला आपोआप कळलं असावं. ती आईकडे वळली.

"म्हस माजी व्हती, आई. वळणावर आडवी ग्येली. त्यानं तिला वाचवाया गाडी वळीवली." ती रडत नव्हती, भराभर बोलत होती, थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही अशी. "टेम्पोवालं आलं तशी म्या झाडीत सरले. मालक म्हनलं, पोलीस इचारतील म्हस कुनाची, गप ऱ्हा. वरीसभर गप हाय. आन तुमी माज्या अंगावर शाल घालनार?"

आईच्या तोंडून आता काय निघेल याची मला खरोखर भीती वाटली. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

"टेम्पोवाले यायच्या आधी तू कुठे होतीस?" आईने विचारलं.

"त्याच्यापाशीच की. खाली उतरले, डोस्कं मांडीवर घ्येतलं. वराडले लई, पर रस्त्यानं कुनी न्हवतं."

"शेवटपर्यंत?"

"व्हय. असा कसा सोडीन एकटा?"

आईने फाटकाचा खांब धरला. "काही बोलला?"

"म्हनला, मावशी, म्हस लागली न्हाई ना? म्हनलं, न्हाई रं लेकरा, तू गप पड. मग डोळं मिटून बोलत व्हता कायतरी. देवाचंच आसंल. मला उमगलं न्हाई. उगी आपलं म्या व्हय, व्हय म्हनत ऱ्हायले. त्यो थांबला की व्हय म्हनायचं. दुसरं काय करनार?"

आई खांब सोडून तिच्यासमोर गेली. मग म्हणाली, "त्याला आमच्यात आमेन म्हणतात, बाई."

आणि तिथेच मातीत बसली आणि मोठ्याने रडली. वर्षभरात पहिल्यांदा. धोंडाबाई तिच्याजवळ टेकली, तर आईने तिचा हात घट्ट धरला आणि तो सभा संपेपर्यंत सोडला नाही. हो, सभा झाली. आईच म्हणाली, "मार्था, सुरू कर." वहिनीने प्रार्थना केली, आम्ही गायलो, गावातल्या बायकांना चाल येत नव्हती तरी टाळ्या धरल्या. मी गाताना रडत होते आणि मला आनंद होत होता. दादा परत आलेला नव्हता. पण ज्या जागेचं नाव आम्ही घरात काढत नव्हतो, तिथे कुणीतरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलं होतं. वहिनी म्हणत होती ते भरणं काय असतं ते मला त्या अंगणात समजलं.

शेवटी वहिनीच्या डब्यातला केक वाटला, तात्यांचा नारळ फोडून खाल्ला. टेम्पोवाले काही आले नाहीत, आता शालीचं काय करायचं म्हणून तात्या हिरमुसले होते. आईने ती उचलून धोंडाबाईच्या खांद्यावर टाकली. "सत्कार नाही गं, वारा सुटलाय," म्हणाली. परतताना भोरला वहिनीच्या घरी थांबलो, चहा झाला, आणि आईने तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे उघडून पाहिले. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

सगळं एका रात्रीत नीट झालं असं काही नाही. रस्त्यावर म्हैस दिसली की आई अजून तोंड फिरवते. पण पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी मी भात-आमटी वाढली, घास उचलला, आणि आई म्हणाली, "थांब." डोळे मिटले. सुरुवातीला तिला शब्दच सापडेनात. मग सापडले आणि थांबेनात. दादासाठी, मार्थासाठी, पासलीच्या काकूंसाठी, तात्यांसाठी, धोंडाबाईसाठी. मला भूक लागली होती. मी बाबांसारखं एक डोळा उघडून आमटीकडे पाहिलं, वर साय धरायला लागली होती.

"आणि त्या म्हशीला सांभाळ, प्रभू," आई म्हणाली, आणि थांबली.

माझ्या तोंडून आमेनऐवजी "व्हय" निघून गेलं.

आईने डोळे उघडले. "व्हय," ती म्हणाली. "जेव आता, गार झालं."