कुपवाडच्या रस्त्यावर रसूलभाई

आक्का, साताऱ्याच्या स्टँडवर आण्णांनी माझी सायकल एसटीच्या टपावर बांधली, तेव्हा तू रडत होतीस आणि मला तुझा रागच आला होता. नोकरीला निघालेल्या माणसाला असं कुणी पोचवतं का? आण्णा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "एकला जेवत बसू नगंस. कुनाशी तरी बोलत जा."

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. खोली सांगलीत, काम कुपवाडच्या कारखान्यात. खोलीत मी भिंतीशी बोलायचा तेवढा बाकी होतो. पण सकाळी रस्त्यात रसूलभाई भेटायचे, आमच्याच कारखान्यातले टर्नर. त्यांची सायकल शेजारी आली की पाऊण तास कसा जायचा कळत नसे. समोरून वारा असला की दोघंही उतरून चालायचो, आणि नेमकी तेव्हाच त्यांची गोष्ट रंगात यायची. दिवसभरातलं माझं बोलणं म्हणजे तेवढंच.

तीन वर्षांनी मी मोटारसायकल घेतली. केवढी मिजास! पहिल्या दिवशी रसूलभाईंच्या जोडीनं, पहिल्या गिअरमध्ये चालवायला गेलो. इंजिनच्या आवाजात मला काही ऐकू येईना आणि त्यांना धुरानं ठसका लागला. "तू जा फुडं, गड्या," ते हसून म्हणाले. मी गेलो. दहा मिनिटांत पोचलो आणि गेटवर एकटाच उभा राहिलो. मग रोजच तसं. संध्याकाळीही लवकर खोलीवर, आणि खोलीत कोण होतं माझं? पोट सुटलं, झोप उडाली. पत्रात तुला 'मजेत आहे' लिहायचो. खोटं होतं गं ते.

वर्षभरानं मोटारसायकल विकली आणि सायकल पुसून काढली. लोक हसले, हसू देत. आज रसूलभाईंना चहा पाजायचा, असं ठरवून निघालो. ते आले, नव्याकोऱ्या गाडीवर. हॉर्न दिला, हात केला, काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

आता तुझी पोरं मला सांगतात, मामा, पेट्रोल कमी जाळलं तर हवा सुधारेल. हवेचं व्हायचं ते होवो, पेट्रोल नव्हतं तेव्हा मी सुखात होतो एवढं मला ठाऊक आहे. तू म्हणतेस, आता तरी घरी ये. सांगलीतही मला घर होतं, आक्का. ते रस्त्यावर होतं, आणि त्यातून आधी उठून मीच गेलो.