वाढलेलं माप

विन्सेंटी दमला होता. नाझींच्या खाणीच्या छावणीत न दमलेला कैदी नव्हताच म्हणा. पण इतरांचं अंग थकलं की हातही थकायचे, याचे मेले थकायला तयार नसत. तीन पिढ्यांचा पाथरवट तो. ग्रॅनाइटचा ठोकळा पुढ्यात आला की नजर आपसूक दगडातली फुटायची रेघ शोधायची, पाचर बसायची, हातोडा पडायचा आणि दगड सरळ दुभंगायचा.

"डोळ्यांनी काम कर, लेका!" शेजारचा तेओफिल पुटपुटायचा. तो क्राकोवचा शिंपी. पहारेकरी बघेल तेव्हाच हातोडा उचलायचा, त्याची पाठ वळली की नुसता धरून उभं राहायचं, हा इथला पहिला धडा. "जर्मनांचं घर बांधतोयस, सासऱ्याचं नाही."

"कळतं रे. हात ऐकत नाहीत."

मुकादम राइटबाउअर जवळच्याच गावचा, स्वतः पाथरवट. दुपारी घरी जेवून यायचा. विन्सेंटीचा दगड बघून तो खूश झाला, त्याला सिगारेट दिली आणि छावणी चालवणाऱ्या एसएसच्या साहेबाला म्हणाला, "बघा, मनात आणलं तर होतं." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच रोज तेवढे दगड फोडायचं माप लागलं. ज्याला जमणार नाही त्याला मार, वर सूप बंद.

तेओफिलचं सूप लगेच बंद झालं आणि तो लटपटायला लागला. शिव्यासुद्धा देईना. माप आपल्यामुळे वाढलं, आता आपणच ते उतरवायचं, असं ठरवून विन्सेंटीने राइटबाउअरच्या देखत पाचर रेघेला आडवी ठोकली. दगड वेडावाकडा फुटून फुकट गेला.

"थंडीनं दगड आतून खराब झालाय, साहेब. इतका निघायचा नाही."

राइटबाउअरने वाकून तुकड्यावरून बोट फिरवलं. "नवशिका थोडा चुकतो. तू बरोब्बर आडवी घातलीस," तो शांतपणे म्हणाला. "सांगू साहेबांना?"

विन्सेंटीने मान खाली घातली.

"मग लाग कामाला."

माप तेच राहिलं. तेओफिल त्याच आठवड्यात खाणीत पडला तो उठलाच नाही. संध्याकाळच्या हजेरीत आकडा जुळायला मेलेलेही लागत, म्हणून विन्सेंटीने त्याला पाठीवर घेतलं. ओझं असं काही नव्हतंच.

युद्ध संपल्यावर तो गावी परतला आणि लोकांच्या पायऱ्या, उंबरे घडवू लागला. दुसरं येत होतं काय? कधी कुणी कौतुकाने म्हणे, "काय सफाई आहे रे तुझ्या कामात!" तेवढं ऐकलं की विन्सेंटी छिन्नी खाली ठेवायचा. मग त्या दिवशी त्याच्याच्याने काम व्हायचं नाही.