बाईंच्या भिंतीकडचा बर्फ

"पंखा फिरतोय न्हवं, बाई? मग आत लालबुंद उजेड दिसतोय का?"

"पंखा फिरतो, थांबतो. पुन्हा फिरतो, थांबतो. उजेड काही नाही."

"आन् घरातला पारा?"

"अठ्ठावन्न. तसं काही वाईट नाही रे. तुझ्या सवडीनं ये. आणि हे बघ ऑर्विन, कार्लाच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला पाडलेल्या भोकापाशी ऑर्विन उलट्या बादलीवर बसला होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गळाची दोरी. रविवार होता आणि मासा लागत होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या वरच्या अंगाला चौतीस वर्षं तो घरोघरच्या तळघरांतल्या, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या दुरुस्त करत आलेला. दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पंखा फिरतो आणि पेट घेत नाही, म्हणजे भट्टीला धूर बाहेर टाकायला वाट नाही. कोंडलेली भट्टी स्वतःहून पेटत नाही, तशी तिची घडणच. तिचा पाईप घराच्या भिंतीतून बाहेर निघतो. त्याच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय, हे ऑर्विनला बाईंच्या पहिल्याच वाक्याला कळलं होतं.

पण एक्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला निसरड्या पायऱ्यांवरून बाहेर कसं धाडायचं? आणि आपण जायचं तर चाळीस मैल. त्यात तिकडचे अठ्ठावन्न म्हणजे आपले चौदा अंश, आणि बाई म्हणाल्या, वाईट नाही.

त्या मुलखात खरी हालत कोणी सांगत नाही. पाय मोडलेला माणूससुद्धा 'चाललंय' म्हणतो. 'सवडीनं ये' म्हणजे ऊठ आणि नीघ, हे तिथल्या शेंबड्या पोराला कळतं. ऑर्विनला तर याच आर्डिस बाईंनी चौथीत शिकवलेलं. पण त्या दिवशी बाईंचा शब्द जसाच्या तसा घेणं त्याला सोयीचं होतं. त्यानं तो घेतला. उद्या सकाळी आठला येतो म्हणाला आणि गळाला नवीन आमिष लावलं.

कार्ला ही बाईंची लेक, फार्गोला राहायची. दिवाळीसारखा त्यांचा तो टर्की पक्षी खायचा सण असतो, त्या जेवणात तिनं आईला बजावलं होतं की या घरात अजून एक भानगड झाली की मी तुला वृद्धाश्रमात नेणार. बाईंना ते घर सोडायचं नव्हतं. त्यांचं मागणं एवढंच होतं.

रात्रीत पारा शून्याच्या वीस खाली गेला. ऑर्विन सोमवारी आठला पोचला तेव्हा बाई कोट-टोपी घालून स्वयंपाकघरात बसल्या होत्या, उबेसाठी ओव्हनचं दार उघडं टाकून. मोरीखालचा नळ गोठून फुटला होता आणि जमिनीवर पाण्याची काच झाली होती. शेजाऱ्यांना हाक का मारली नाही, असं त्यानं विचारलं. रविवारच्या दिवशी कुणाला कशाला त्रास, म्हणाल्या.

तो घरामागं गेला. उत्तरेच्या भिंतीला कमरेएवढा बर्फ. पाईप पार गाडलेला. वाऱ्याचा बर्फ गुळगुळीत बसतो, कडेला पातळ होत जातो. हा ढेकळा-ढेकळांचा होता, बर्फ उडवायच्या यंत्रानं फेकलेला, बडवून बसवल्यासारखा.

शनिवारी तळ्यावर जाताना बाईंच्या दारातला रस्ता त्यानंच साफ केला होता. तिथली रीतच ती. जो आधी उठेल त्यानं दुसऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा, बेल न वाजवता निघून जायचं. घरवाल्यानंही बाहेर येऊन आभार मानायचे नाहीत. पुढं कधीतरी केकचं ताट येतं, संपलं. घाई होती म्हणून यंत्राचं तोंड वळवायचं त्याच्या जिवावर आलं, आणि सगळा बर्फ भिंतीकडं उडाला. चौतीस वर्षं गावाला 'पाईप मोकळा ठेवा रं' म्हणून सांगणारा हाच तो शहाणा.

त्यानं हातांनीच उकरलं. भट्टी पहिल्या खेपेला पेटली.

तेवढ्यात कार्लाची गाडी आली. नळ फुटल्यावर बाईंना तिला फोन करावाच लागला होता. आत येताच तिनं विचारलं, काय झालं होतं?

"वाऱ्यानं बर्फ लोटला पायपावर," ऑर्विन म्हणाला.

"बघ आई. एवढंसुद्धा आता तुझ्यानं बघणं होत नाही."

बाई मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऑर्विनकडं पाहिलं आणि कॉफी ओतायला वळल्या.

मार्चमध्ये घर रिकामं झालं, विकलंही गेलं. ऑर्विनला मात्र 'वाऱ्यानं बर्फ लोटला' हे आपलं वाक्य ताटावर बसलं तरी आठवायचं. एप्रिलात एका सकाळी तो वृद्धाश्रमात गेला. खुर्चीच्या कडेवर बसून गुडघ्यावर टोपी फिरवत राहिला.

"बाई, त्यो बर्फ मी टाकला हुता."

"माहीत आहे. खिडकीतच उभी होते मी."

"मग कार्लासमोर बोलला का न्हाई तुमी?"

"ते तुझं बोलायचं होतं, ऑर्विन. मी वाट बघितली."

आता सांगू का तिला, असं त्यानं विचारलं. बाईंनी मान हलवली. कशाला? घर गेलं. घेणारी माणसं टेक्सासची आहेत म्हणे, थंडी काय असते ते ठाऊक नाही त्यांना. पाईप कुठं आहे तेवढं दाखवून ये. मग त्यांनी त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली आणि जेवणाची घंटा झाली तशा उठल्या.

तो तिथून सरळ बाईंच्या जुन्या घरी गेला. दार उघडलेल्या माणसाला घरामागं नेलं, पाईप दाखवला, बर्फ इकडं फेकायचा नाही म्हणून सांगितलं. का, असं त्या माणसानं विचारलं. भट्टी कोंडती म्हणून, असं ऑर्विन म्हणाला आणि गाडीकडं वळला.

खिशातला फोन वाजत होता. धान्याच्या कोठाराशेजारच्या घरातली भट्टी पेटत नव्हती. ऑर्विननं हत्यारांची पेटी गाडीत टाकली आणि फोनवरच्या त्या घरवालीला विचारलं,

"पंखा फिरतोय का? बरं, ऱ्हाऊ द्या. निघालोच मी."